तिसरा मजला, वही दुसरी

टॅमरॅक हॉल, डुलूथ. ऑक्टोबर.
याला ते तळं म्हणतात,
मला तर पलीकडचा काठच दिसत नाही.
तिथून निघालेला वारा खिडकीच्या फटीत येऊन बसतो
आणि मी, वय एकोणचाळीस,
अठरा-एकोणीसच्या बावन्न पोरांत
खोली क्रमांक तीनशे चौदा.
कामाचं नाव सहभागी निरीक्षण.
आईला फोनवर एवढंच सांगितलं, हॉस्टेलात राहतेय.
ती म्हणाली, पुन्हा? नापास झालीस की काय?

पहिल्या वहीत सगळं चोख आहे.
दाराला बूट अडकवलेला म्हणजे या.
बूट नाही म्हणजे अभ्यास, नाहीतर रडणं.
मुठीला मोजा लटकवला असेल तर
ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही,
दोन्हीकडून लाजून नोंद पूर्ण झाली.

फ्रिजमधल्या दुधावर मार्करची रेघ : इथपर्यंत माझं.
दूध रेघेखाली गेलं तरी भांडण होत नाही.
सकाळी उठून कुणीतरी
नवी रेघ ओढतं, थोडी खाली.

रात्री तीन वाजता आगीची घंटा. कुणाचं तरी पॉपकॉर्न.
सगळी वसाहत बर्फात, पांघरुणं गुंडाळून,
आणि मी मोजतेय कोण कुणाच्या पांघरुणात.
माई यर वांग म्हणाली, बोटं गळून पडतील,
आणि स्वतःचे हातमोजे माझ्या वहीवर ठेवले.
हातमोजे कुठल्या रकान्यात लिहायचे?

प्रोफेसर लिंडक्विस्ट म्हणतात,
जमात आवडायला लागली की काम नासतं.
मी म्हटलं, जमात कसली, पोरं आहेत.
त्यांनी माझ्या मसुद्यातल्या 'पोरं'भोवती
लाल पेन्सिलने गोल काढला.

प्रत्येक दारावर कागदी मासा, त्यावर नाव.
ऑगस्टमध्ये मजल्याच्या ताईने, म्हणजे शर्स्टन हौगेनने,
रात्रभर बसून कापलेले. माझाही आहे,
स्पेलिंग चुकलेला, एक पर जास्तीचा.

नोव्हेंबरात एमेट सोरेनसन गेला.
बापाचा ट्रक आला, दोन खोके, एक गळाची काठी.
नापास झाला, की घरी पैसे संपले,
की ते तिसरं, ज्याबद्दल इथेही आवाज खाली करतात.
खोली रिकामी. मासा तिथेच.

आधी कूपरने हात लावला, हॉकीच्या सामन्याआधी.
जिंकले.
मग परीक्षेला निघालेल्यांनी.
मग आंघोळीला निघालेल्यांनीसुद्धा.
अकरा डिसेंबर, संध्याकाळी सहा ते आठ : तेवीस स्पर्श.
दोन बोटांनी. चालता चालता. बहुतेक न बघता.
विचारलं तर म्हणतात, काय? कुठे? मी?

कोल्हापूरला आमच्या वसतिगृहात
बादल्यांवर तैलरंगाने नावं असायची.
सुलभा रेंदाळकरची बादली
ती गेल्यावर तीन वर्षं नळाजवळ होती.
कुणी तिच्यात पाणी भरलं नाही. कुणी उचललीही नाही.
उन्हाने 'सु' उडाला, मग 'ल'.
सातला फाटक बंद व्हायचं, जेवणात रोज तीच आमटी,
यावर आम्ही तासन्‌तास बोलायचो.
बादलीवर कधीच नाही.

काल तळघरातून कपडे घेऊन वर आले.
जिन्यातच टोपली डाव्या हातात घेतली होती.
का, ते मासा मागे पडल्यावर कळलं.

वहीत चोवीस लिहावं की नाही, यात रात्र गेली.
लिंडक्विस्टना काय सांगायचं ते सोमवारी बघू.

माझ्याकडे जादा बूट नाहीत.
दाराला चप्पल लावलीय.
पातळ आहे, धरत नाही, दार आपलं हळूहळू मिटत येतं.
माई यर येता-जाता
पायाने ढकलून ते पुन्हा उघडते,
आत न बघता.