निवळी

रात्री तीनला मी झडप उघडतो.
दिवसभराचं धुणं खाली जातं:
चीजच्या हौदांचं, पावडरच्या मनोऱ्याचं,
दोन मैल पोलादी नळ्यांचं.
आधी कॉस्टिक, मग आम्ल, मग नुसतं कढत पाणी,
आणि त्यात चुकार साय, निवळी,
हातातून सुटलेलं चार बोटं दूध.
सगळं एका पाइपातून
ड्रायडेलच्या कुरणांवर.

आधी ते ओढ्यात जायचं.
आई सांगते, तेव्हा पुलाखाली
वामी पोट वर करून गोळा व्हायच्या
आणि शाळेतल्या फळ्यालासुद्धा आंबूस वास यायचा.
मग ठरलं, जमीन गिळेल.

गिळलं तिनं. बावीस वर्षं.
कुंपणाच्या अलीकडे गवत असं
की नुसतं बघून बूट ओले व्हावेत.
पलीकडे ओरिवाबाईचं रान, मेंढ्यांपुरतं,
वाऱ्यानं विंचरलेलं, खुरटं.
ड्रायडेल म्हणतो, बघ, फुकटचं खत.
खोटं नाही ते.

एप्रिलमध्ये, म्हणजे साउथलंडात पानं गळतात तेव्हा,
प्रयोगशाळेतून हुइआ आली, गिरमिट खांद्यावर.
माझी सुट्टी होती, मी पिशव्या धरल्या.
पांढऱ्या ताटात तिनं गांडुळं मोजली:
अलीकडे एका फावड्यात एकतीस,
पलीकडे बारा.
ड्रायडेल हसला, गाडीत बसला, गेला.

मग तिनं जामच्या दोन बरण्या काढल्या,
पावसाचं पाणी भरलं,
एकीत त्याचं ढेकूळ, एकीत तिचं,
बाळाला टबात ठेवावं तसं अलगद सोडलं,
आणि म्हणाली, आता चहा घेऊ.

चहा निवेपर्यंत
ओरिवाबाईचं ढेकूळ बसून राहिलं,
दोनचार बुडबुडे सोडून, आपला आकार धरून.
आमचं कडेनं सुटू लागलं.
आधी धूर. मग ढग.
मग बरणीभर गढूळ.

"सोडियम," हुइआ म्हणाली,
"मातीचे कण एकमेकांचा हात सोडतात."
कुठून येतं, ते तिनं मला विचारलं नाही.
महिन्याला किती पिंपं लागतात, मला पाठ आहे.

दूध नासतं तेव्हा त्याचा गोळा होतो.
माती नासते तेव्हा गोळा मोडतो.
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं,
आणि मी तीस वर्षं दुधात आहे.

मागच्या वसंतात, आता आठवतं,
ड्रायडेलची एकशेसात नंबरची गाय
त्या हिरव्यागार गवतातच थरथरत आडवी झाली,
मान पाठीकडे ओढून.
डॉक्टर म्हणाला, पोटॅश फार, मॅग्नेशियम पोचत नाही.
सुई दिल्यावर ती उठली.
तिच्या शेजारची नाही उठली.

ओरिवाबाईनं हुइआला एवढंच विचारलं:
झऱ्याचं पाणी नातवंडांना देऊ का?
हुइआनं बाटली भरून घेतली.
उत्तर पुढच्या आठवड्यात, म्हणाली.
तो आठवडा अजून चालू आहे.

जिप्समचा ट्रक येणार आहे म्हणे.
पाळी बदलणार आहेत, रान थोडं पडू देणार.
बघू.

आज तीन वाजता कॉस्टिकचं एक माप
मी कमी घातलं.
मग नळीच्या बाकाशी राहिलेला दुधाचा थर दिसला,
पाचचा टँकर आठवला,
आणि ते माप मुकाट्यानं घातलं.

आमची बरणी हुइआनं नेली नाही.
माझ्या खिडकीत आहे.
पंधरा दिवस झाले,
पाणी निवळलेलं नाही.