एक बिल्ला कमी

योजना मीच लिहिली होती.
अकरा पानं, चार नकाशे, बाहेर पळणारे लाल बाण
आणि तळाशी सही: न्कांडू चिलेक्वा, सुरक्षा विभाग.
मुख्य कार्यालयात ती कुणी तरी वाचली असावी,
कारण एक स्पेलिंग दुरुस्त होऊन आलं.

चिंगोलाच्या आमच्या शेडमध्ये खाणीतून यंत्रं येतात
कंबरडं मोडून.
डंपरची चेसी तडकलेली,
खोदयंत्राचं बकेट ओठापासून फाटलेलं,
सांध्यासांध्यात ग्रीस आणि तांबूस चिखल.
त्याच ग्रीसच्या शेजारी ठिणगी पाडायची,
हेच आमचं पोट.

आत येताना प्रत्येकाने फळ्यावर आपला पितळी बिल्ला अडकवायचा.
भोंगा झाला की फोरमनने फळा उचलून
कुंपणापाशी, आंब्याखाली आणायचा.
ज्याने त्याने आपापला बिल्ला घ्यायचा.
फळा रिकामा, म्हणजे शेड रिकामी.
किती सोपं वाटलं होतं मला लिहिताना!

गुरुवारी सव्वादहाला मी सरावाचा भोंगा वाजवला.
सगळे आले, रमतगमत.
एकाच्या हातात अर्धा खाल्लेला चितुम्बुवा,
दुसरा मला विचारतो, बाई, आग कुठे लावलीत?
घड्याळात दोन मिनिटं चार सेकंद.
फळ्यावर एक बिल्ला.

सत्तावीस.
कापेम्ब्वा.

हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं.

सराव खोटा होता, हे मला ठाऊक होतं.
तरी पोटात गोळा आला तो खराच.

म्हातारा बकेटच्या आत होता,
लोखंडी जबड्यात गुडघे मुडपून,
तोंडावर काच, काचेत निळं ऊन.
डावा कान तीस वर्षांच्या हातोड्यांनी नेला,
उजव्यात बोळा.
बोळा मीच दिलेला,
मिळाल्याची त्याची सही घेऊन.

आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला नेमलेला पोरगा, लुबासी,
आगीचा राखणदार,
पाण्याची बादली नि नळकांडं तिथंच टाकून
आंब्याखाली उभा होता,
अगदी आज्ञाधारक.
पान सहा: भोंगा होताच सर्वांनी बाहेर पडावे.

मी पाना उचलला
आणि बकेटवर तीनदा हाणला.
निळं ऊन विझलं.
काच वर झाली.
"जेवायची वेळ झाली?" त्याने विचारलं.

बाहेर आल्यावर त्याला सगळं सांगितलं,
ओरडून, उजव्या बाजूने.
तो हसला. मग हसायचा थांबला.
"भोंगा बदलू नकोस," म्हणाला,
"लोखंड वाजव. अंगठ्यात येतं."

रात्री वीज गेली होती.
कंदिलापाशी मी पान सहा काढलं
आणि "सर्वांनी" हा शब्द खोडला.
किती ऐसपैस शब्द, आणि त्यात
कापेम्ब्वाला बसायला जागा नव्हती.
त्याऐवजी लिहिलं:
राखणदाराने आधी लोखंडावर तीन ठोके द्यावेत,
वेल्डर बाहेर येईपर्यंत जागा सोडू नये,
दोघांचे बिल्ले एकत्र उचलावेत.

मग पेन थांबलं.
राखणदारच कोसळला तर?
आग दोघांच्या मध्येच लागली तर?
ॲसिटिलीनच्या टाक्या त्या वाटेवर आहेत,
साखळीने बांधलेल्या, पण वाटेवरच.
खाली अर्धं पान कोरं ठेवलं,
"सोमवारी सगळ्यांना विचारायचे" असं कोपऱ्यात लिहून.

सकाळी फळ्यापाशी गेले तर
म्हाताऱ्याने सत्तावीस नि अठ्ठावीस
तांब्याच्या तारेने एकमेकांना पिळून टाकलेले.
कुणाला विचारलं नाही, सही नाही, काही नाही.

लुबासी मात्र तोंड पाडून उभा.
"बाई, आता मी लघवीला कसा जाऊ?"

खरंच की.
पान सहावर तेही लिहायला हवं.