हातचा

केमी नदीकाठच्या लाकूडगिरणीत
तीस वर्षं मी जमाखर्च लिहिला.
म्हणून तुझीही वही मीच ठेवते, ताइस्तो.

जमेला:
अकरा हिवाळे तू गोठलेल्या नदीवर अनवाणी गेला नाहीस.
बर्फाखालून कुणी हाक मारली नाही,
की मारली, पण तुला उठावंसंच वाटलं नाही,
हे नक्की कुठल्या बाजूला लिहायचं?

खर्चाला: अठ्ठावीस किलो.
वडिलांचा कोट, जो तुला बेतल्यासारखा बसायचा.
रोज सकाळी उशीवर लाळेचा ओला डाग.
टेबलाखाली तुझे पाय चालत असतात,
बसल्या जागी किती कोस, देव जाणे;
कॉफीच्या कपात लाटा उठतात
आणि आपण दोघं हवामानाबद्दल बोलतो.

महिन्यातून एक मंगळवार इंजेक्शनचा.
नर्स सिनिक्का विचारते, "झोप?"
"आहे."
"आवाज?"
"नाहीत."
ती दोन टिका मारते.
परतीच्या बसमध्ये, जंगल संपता संपता,
तू एकदाच बोललास:
"त्यातली एक बाई चांगली होती गं.
बाकीचे शिव्या घालायचे. ती मात्र
मी लाकडं फोडताना माझ्यासोबत मोजायची.
तीही गेली."

जी नव्हतीच, तिचं सुतक कसं धरायचं?
मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ती रात्र मी विसरलेले नाही.
दाराला आतून लोटलेलं कपाट,
रेडिओचं फाडलेलं पोट,
आणि माझ्या डोळ्यांत बघून तू विचारलंस,
"माझ्या बहिणीचं काय केलंत तुम्ही?"
हे एक वाक्य पारड्यात ठेवलं
की समोर काहीही टाका, ते जागचं हलत नाही.
निदान मला तसं वाटायचं.

यंदा डॉक्टर रौतियो म्हणाली,
डोस जरासा उतरवून पाहू. घाई करायची नाही,
घाई करणारे पुन्हा इथेच येतात.
तिने कागदावर उतरता जिना काढला,
पायऱ्या एवढ्याशा, की मांजरही हसेल.

दुसऱ्या पायरीवर, मार्चमध्ये,
तू सॉनात शिट्टी वाजवलीस.
आई गाईंना बोलवायची, तीच.
मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी,
गुडघे लटलटत होते,
आनंदानं की भीतीनं, कोण सांगणार.

त्या रात्री तीन वाजता तू जागा होतास.
मीही. भिंतीला कान लावून,
तू कुणाशी बोलतोयस का ते ऐकत.
म्हणजे आता या घरात
आवाज शोधणारी मी.

सकाळी अंगणात कुऱ्हाडीचे घाव.
एक, दोन, तीन, तू मोठ्यानं मोजत होतास.
एकटाच का, ते मी विचारलं नाही.

वही उघडली. बेरीज मांडली.
हातचा एक
अजून हातातच आहे.