वीतभर

तिसऱ्या दिवशी सापडली ठिणगी.
गाडीच्या टपावर अँटेना लावून
मी अख्खं कारू पालथं घातलं,
आणि निघाली ती सारफिना ब्यूकेसच्या कुंपणात:
कोल्ह्यांसाठी वीज सोडलेली तार,
एक तडकलेला इन्सुलेटर,
आणि दर सेकंदाला
टक्.
टक्.

एवढ्याशा ठिणगीनं कुणाचं काय बिघडतं?
मेंढीच्या कानातलं गोचीड उपटावं
तसा तिनं प्रश्न उपटला.

मी म्हणालो, आंटी,
वीज हिसका खाते तेव्हा गप्प राहत नाही.
विजेतून चुंबकपण, चुंबकपणातून पुन्हा वीज,
एकीला उभं, दुसरीला आडवं डोलवत
लाट निघते.
तिला तार लागत नाही, वारा लागत नाही.
रिकाम्यातून जाते. रिकाम्यातूनच बरी जाते.

टेकडीपल्याड पांढऱ्या थाळ्या
तोंडं वर करून बसल्यात,
त्यांना हायड्रोजन ऐकायचाय.
त्याची लाट केवढी?
मी पंजा ताणला, अंगठा ते करंगळी.
वीतभर. जरा कमीच.
कोट्यवधी वर्षं पसरत पसरत
इतकी विरळ झालेली
की मुंगीची मिशी हलायची नाही तिनं.
आणि तिच्या कानाशी तुमची तार
पत्र्याचा डबा बडवते.

सारफिना हसली नाही.
पायरीच्या दगडावर तळवा टेकवला.
"मग हे?"
सूर्य बुडून अर्धा तास झालेला,
दगड अजून तापलेला.

हीच जात, म्हणालो. फक्त बारीक,
केसाहून शंभरपट बारीक.
आठ मिनिटं नुसत्या पोकळीतून येते,
दगडात शिरते, संपते.
ऊब मागे राहते.

"आणते काय पण? वाळू नाही, पाणी नाही."
काहीच नाही, आंटी.
"काही न आणता देते," ती पुटपुटली,
जणू असं कुणीतरी तिच्या ओळखीचं होतं.

मग डेविडचं निघालं.
सल्दान्याला मासेमारी बोटीवर असतो.
तुमच्या त्या शांततेपायी इथं टॉवर नाही,
त्याचा फोन लागत नाही.
त्याचा आवाजही याच जातीचा ना?
मी पाना घट्ट केला.
हो म्हणालो.

नवा इन्सुलेटर बसला. टक् थांबलं.
दूर कुठेतरी कोल्हा ओरडला,
तो आमच्या यादीत नसतो.

"त्या हायड्रोजनला तुम्ही काही उत्तर पाठवता?"
नाही. आम्ही फक्त ऐकतो.

"वीतभर तरी बोलायचं," सारफिना म्हणाली,
आणि तडकलेला इन्सुलेटर
माझ्या हातात ठेवला,
हिशोबाला लागेल म्हणून.