माया

सेलूच्या नव्या बसस्टँडचा पडदा मी शिवला.
कोनशिलेवरचा. जांभळी साटन, सोनेरी झालर.
ओव्हरसियर स्वतः माप घेऊन आला होता,
रुंदी साडेतीन फूट, उंची दोन फूट सव्वासात इंच,
"पाव इंच इकडंतिकडं नको, कौसाताई,
दोरी ओढली की सर्रकन सरकला पाहिजे."

सरकला म्हणे.
टाळ्या मला खालीच ऐकू आल्या,
रसवंतीजवळ, तीनचाकीत बसून.

दगडाचं माप घेतलं होतं.

माझं मशीन हाताचं, गाडीही हाताचीच,
दोन्हींच्या दांड्यांनी एकाच तळव्याला घट्टे पाडलेत.
महिन्यातून एकदा परभणीला जाते,
अस्तर, हुक, रिळं.
दर वेळी कुणीतरी भला माणूस
काखेत हात घालून आधी उचलतो
आणि मग विचारतो, "कुठं जायचंय, मावशे?"
तोवर पदर त्याच्या बटनात अडकलेला असतो
आणि बाकावरची माणसं
माझ्याकडं न बघण्याचं पुण्य कमावत असतात.

रॅम्प आहे. नाही कशाला म्हणू?
त्यावर एक मोटारसायकल कायम उभी.
पाटी आहे. 'अपंग' खोडून 'दिव्यांग' केलंय,
खालचा काना अजून डोकावतो.
संडास आहे, रुंद दाराचा,
आत खराटे आणि फिनेलचे कॅन,
किल्ली गुट्टे वॉचमनकडं
आणि गुट्टे मानवतला, साडूच्या घरी बारशाला.

कंट्रोलर खिडकीतून म्हणाला, "रॅम्प दिलाय की, बाई."
म्हटलं, साहेब, मुंढा तंग झाला
अन् हातच आत गेला नाही,
तरी पावतीवर मी ब्लाउजच लिहिते.
गिऱ्हाईक ते घालून घरी जातं का?

हसला. मग माइक ओढून
पाथरीची गाडी लागल्याचं सांगितलं.

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत
दोन बोटं कापड राखून ठेवतात.
त्याला माया म्हणतात.
अंग सुटतं, बाळंतपण होतं, वय होतं,
तेव्हा उसवून सैल करता यावं म्हणून.
बाहेरून दिसत नाही.
जिनं घातलंय तिला कैकदा माहीतही नसतं.

इथं सगळं कापड दर्शनी बाजूला लागलं.

मंगळवारी दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत,
मी गाडीतून खाली उतरले, फरशीवर सरकत गेले
आणि टेप लावला.
चढ दोन फूट. रॅम्प सहा फूट.
एका फुटाला बारा फूट लागतात,
हे त्याच ओव्हरसियरनं सांगितलेलं,
पडद्याचे पैसे द्यायला आला तेव्हा,
पंचेचाळीस रुपये कमी देऊन.

चोवीस फूट. माझा टेप पाच फुटांचा.
टेकवला, खडूची खूण केली, पुढं सरकले,
पुन्हा टेकवला.
चार वेळा पुरा, पाचव्यांदा अठ्ठेचाळीसवर.
लुगड्याला मुरमाचा लाल पट्टा.
एक शेळी पहिली खूण हुंगून गेली.
शेवटची रेघ पडली
थेट रसवंतीच्या बाकड्याखाली.

सोपानदादानं चरकाची घंटा थांबवली.
"हे काय येणार हितं?"

"हितून सुरू व्हायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

त्यानं रेघेकडं पाहिलं, मग वर दाराकडं, मग परत रेघेकडं.
बाकड्यावरच्या दोघांना उठवलं
आणि बाकडं हातभर मागं घेतलं.
मग मला विचारलं,
"बर्फ टाकू का बिगर बर्फाचा?"