खुर्ची म्हणजे बाक नव्हे

वाल्पाराइसोत, समुद्राकडे पाठ करून
इग्नासिया कार्कामो पायऱ्या चढते.
गळ्यात मोजपट्टी, हातात पॅड,
पॅडला रबरबँडनं आवळलेले त्रेसष्ट प्रश्न,
आणि वारा, प्रत्येक पान तिच्याआधी उलटून बघणारा.

पदपथ आहे का? नाही.
पदपथ कुठला, इथे रस्ताच उभा राहिलाय
पत्र्याच्या घरांना टेकून.
उतार: सौम्य, मध्यम, तीव्र.
तीव्रच्या पुढे रकाना नाही.
ती तिथेच टेकते, धाप ओसरेपर्यंत,
आणि तीव्रवर दोनदा टिक करते.

दिवे: सात. पेटतात किती, ते रात्री कळेल.
झाडं: एक. अंजिराचं.
बुंधा कुणाच्या परसात, सावली मात्र वाटेवर.
मालकी बुंध्याची धरायची की सावलीची?
भटकी कुत्री? हो. एक गुण वजा.
वजा झालेला तळापासून तिच्यासोबत आहे,
एक कान दुमडलेला,
ती थांबली की थांबतो,
ती लिहायला लागली की बसतो.

एकशे सोळाव्या पायरीवर खुर्ची.
स्वयंपाकघरातली, पिवळी,
बैठक निळ्या नायलॉनच्या दोरीनं पुन्हा विणलेली,
एका पायाखाली चपटा दगड, डुगडुगू नये म्हणून.
खुर्चीत डॉन एलेओदोरो,
वय एक्याऐंशी, मांडीवर पावाची पिशवी.

वर नेणारा केबलचा डबा बंद आहे अकरा वर्षं,
दारावरची दुरुस्तीची पाटीच आता दुरुस्तीला आलीय.
ती विचारते, कागदावरचा प्रश्न, जसाच्या तसा:
गेल्या सात दिवसांत
दहा मिनिटं तरी सलग चाललात का?
म्हातारा हसतो, खोकतो, पुन्हा हसतो.
"सलग? इथे सलग फक्त वारा चालतो, पोरी.
मी सोळा पायऱ्या चालतो. मग समुद्र बघतो.
दमलो असं म्हणत नाही. समुद्र बघतो म्हणतो."

बसण्याची सोय: आहे.

गुरुवारी नेल्सन ओयार्सून याच पायऱ्या चढला.
हाच नमुना, हेच प्रश्न, दुसरे डोळे.
नियमच तसा आहे:
एकाच वाटेवर दोघांनी जायचं, वेगवेगळं,
आणि टिका जुळल्या तरच वाट खरी.
बसण्याची सोय: नाही.

"खुर्ची म्हणजे बाक नव्हे,"
कचेरीत डॉक्टर इतुर्रा चष्मा पुसत म्हणाल्या.
नेल्सन म्हणाला, "बाक सोडा, खुर्चीही नव्हती."
"होती."
"नव्हती, इग्नासिया. मी तिथे उभा राहून श्वास घेतलाय."

म्हणून ती परत निघाली. संध्याकाळी.
सातांपैकी तीन दिवे पेटले होते.
एकशे सोळावर नुसता चपटा दगड.
तिनं पुन्हा मोजलं, खालून.
एकशे सोळाच.

डाव्या हाताचं दार अर्धं उघडं,
आतून कांदा परतल्याचा वास,
आणि दोन्या एर्मेलिंदा, हाताला पीठ:
"काय मोजतेयस गं?"
"इथे सकाळी खुर्ची होती."
"सकाळी असते की. सकाळी तो पाव घेऊन चढतो.
घरात खुर्च्या दोनच. रात्री दोन्ही लागतात."

तिच्या खांद्यावरून दिसलं:
टेबलाशी, दाराकडे पाठ करून,
डुगडुगत बसलेला एलेओदोरो,
पावाचे दोन तुकडे करत, बारकाईनं,
मोजावं तसे.

नमुन्याच्या तळाशी शेऱ्याला एक ओळ असते,
बहुतेक कोरीच राहते.
तिनं लिहिलं: खुर्ची आत गेली आहे.
मग वाटलं, हे कोण वाचणार,
तरी खोडलं नाही.

खाली उतरताना दुमडलेला कान पुढे,
प्रत्येक वळणावर थांबत,
येतेय ना, ते बघत.