हजाराच्या वर

दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
अंबुबाई, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा,
महिन्याभरात मन हलकं होतं.
मी म्हटलं, बाई, आणखी मोजायचं?

तीस वर्षं मोजतेच आहे.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार.
कारखान्यातला चेकर त्यातून छाट काढतो,
मूठभर, कधी दोन मुठी,
त्याच्या घरी सकाळी काय झालंय त्यावर.
पान कमी पडलं तर पदरचं आणा.
पाणी पाचव्या दिवशी, हंडे मोजून.

तरी वही आणली, दहा रुपयांची.
पहिल्या रात्री लिहिलं : छाट कमी निघाली.
दुसऱ्या रात्री : छाट भरपूर, पण चेकर हसला.
तिसऱ्या रात्री वही उशाला, आणि मला झोप.
आता तिच्यात नातू चित्रं काढतो,
बहुतेक सगळे ट्रॅक्टर.

पण काय की, तेव्हापासून
काही काही आपसूक अंगाला लागलं.

सूप मांडीवर घ्यायच्या आधी
बोटं कोमट पाण्यात बुडवून बसते.
किती वेळ ते माहीत नाही,
घड्याळ आतल्या खोलीत आहे.

माल देऊन येताना एक चौक आधीच रिक्षा सोडते.
घरी सांगते, पाच रुपये वाचले.
खरं म्हणजे तिथं रंगाऱ्याच्या आवारात
ओलं सूत टांगलेलं असतं,
आज कुठला रंग ते बघायचं असतं.
परवा पिवळा होता.
नुसता पिवळा, उन्हाला लाजवील असा.

मालकांचे कान यंत्रमागानं नेले.
डाव्यात थोडं शिल्लक आहे,
तिथं तोंड नेऊन रोज एक गोष्ट सांगते,
खरीच असेल असं नाही.
ते म्हणतात, एंदी?
मी पुन्हा सांगते.
दुसऱ्यांदा सांगताना ती आणखी बरी होते.

आणि समोरची नागमणी.
नळाच्या पाईपवरून अकरा वर्षं अबोला.
एका पाण्याच्या दिवशी तिच्या दाराला कुलूप होतं,
माझे हंडे भरले होते,
पाईप तिच्या पिंपात सोडला.
का, ते विचारू नका, मलाच सांगता यायचं नाही.
संध्याकाळी तिची सून वाटी ठेवून गेली,
शेंगा चटणी, वर तेलाचा डोळा.
रिकामी वाटी परत देत नाहीत,
मी आंबाडीची भाजी घातली.
मग तिकडून काही आलं, मग इकडून.
बोललो त्यानंतर कितीतरी दिवसांनी,
तेही उकाड्याबद्दल.
वाटी मुळात कुणाची, ते आता दोघींनाही आठवत नाही.

रात्री हजार भरल्या की एक विडी जास्तीची वळते.
घाई नाही, पान हवं तसं कातरते,
दोरा दोनदा फिरवते.
तिला कट्टा नाही, तिला छाट नाही.
सकाळी सोडून टाकते, तंबाखू परत सुपात.

परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लिहिता ना?
हो म्हटलं.
किती पानं झाली?
मी ट्रॅक्टर आठवले आणि हसले.
त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

वाटी आज माझ्याकडे आहे,
धुऊन पालथी घातलीय.
घरात दोनच वांगी आहेत.
बघू.